पंचेंद्रियांची ओळख (बालवाडी)

पंचेंद्रियांची ओळख म्हणजे साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा काय काम करतात हे कळावं म्हणून बालवाडीत, अंगणवाडीत किंवा घरी घेतले जाणारे खेळ. पुण्यातल्या बहुतेक नर्सरी-केजीत हा विषय असतो, 'माझे शरीर'च्या मागोमाग. भिंतीवर चार्ट, बाई नाकावर बोट ठेवून विचारणार हे काय, पोरं ओरडणार नाऽऽक, संपला विषय. आता नाक कुठंय हे तर दीड वर्षाचं पोरगंही दाखवतं, त्यामुळे याला ओळख म्हणणं जरा जास्तच होतं.

खरी पद्धत अशी की एका वेळी एकाच इंद्रियाला कामाला लावायचं आणि बाकीच्यांना गप्प बसवायचं. इटलीच्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोमला पहिलं बालगृह (म्हणजे लहान मुलांची शाळा) काढलं, पुढे त्यांची इंद्रियांच्या शिक्षणाची साधनं याच तत्त्वावर बनली. त्यांचा गुलाबी मनोरा बघा, 1 सेंमीपासून 10 सेंमीपर्यंतचे दहा ठोकळे, सगळे एकाच गुलाबी रंगाचे, म्हणजे फरक उरतो तो फक्त लहान-मोठ्याचा. 1939 मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे बरीच वर्षं इथेच राहिल्या, पण त्याआधीच गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं होतं. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडक आणि पुढे त्यांच्या सोबतीला आलेल्या अनुताई वाघ (या मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या) यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शिंपले, माती वापरून तेच काम करून दाखवलं. तसं बघितलं तर आपली आंधळी कोशिंबीर काय वेगळं करते, डोळे बांधले की कान आणि हात आपोआप जागे होतात.

वासाचा खेळ सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. झाकणाला भोकं पाडलेल्या एकसारख्या डब्या घ्यायच्या, एकात ओवा, एकात हिंग, एकात कॉफी, एकात कढीपत्ता चुरडून, आणि नुसत्या वासावरून ओळखायला लावायचं. हिंगाच्या डबीला हमखास तोंडं वाकडी होतात आणि एखादं पोरगं म्हणतं "आजीच्या वरणाचा वास", हे उत्तर बरोबरच धरायचं बरं का, 'चूक, हिंग म्हण' असं करू नये. स्पर्शासाठी शिंप्याकडच्या चिंध्या, गोणपाट, पॉलिश पेपर, मखमल हे सगळं कापडी पिशवीत टाकून न बघता एकसारख्या जोड्या लावायच्या. आवाजासाठी बंद डब्यांत रवा, तांदूळ, राजमा.

चवीला आवळा फार भारी. पहिला चावा आंबट-तुरट, पोरगं डोळे मिचकावतं, मग लगेच पाणी प्यायला द्यायचं, ते गोड लागतं आणि मग ग्लासात साखर टाकली का म्हणून बाईंवर संशय! इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा जो नकाशा अजून चार्टवर छापतात तो चुकीचा आहे, 1901 च्या एका जर्मन अभ्यासाचा उलटा अर्थ लावून तो पसरला, प्रत्यक्षात चवी जिभेवर सगळीकडे कळतात. आणि तिखट ही चव नाहीच, मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णतेची आणि वेदनेची जाणीव करून देणाऱ्या नसा चाळवतं, म्हणून तर मिरची कापलेला हात डोळ्याला लागला की डोळाही झोंबतो.

पाचवर गाडी थांबते असंही नाही. तोल सांभाळण्याचं इंद्रिय आतल्या कानात असतं, फुगडी थांबवली तरी जग फिरत राहतं ते त्याच्यामुळे, पण बालवाडीत पाच पुरेत.

पुण्यात वर्गाबाहेर नेण्यासारख्या जागा भरपूर. 1886 ची महात्मा फुले मंडई सकाळी सकाळी, म्हणजे कोथिंबीर, आलं, लिंबं यांचा वास ताजा असतो तेव्हा. कसब्यातली तांबट आळी, तिथे तांब्यावरचे ठोके डोळे मिटूनही ओळखू येतात. गणपतीतलं ढोलपथक मात्र आवाजाचा धडा म्हणून अजिबात नको, लहान कानांना ते झेपत नाही, लांबून ऐकवा.

या खेळांचा एक फायदा फारसा कोणी बोलत नाही. मागून वाजवलेल्या डबीकडे जे मूल वळतच नाही किंवा वस्तू दर वेळी डोळ्याशी नेऊन बघतं, ते बाईंच्या लक्षात येतं, आणि पालकांना तपासणीला सांगता येतं. अंगणवाडीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून) अशी तपासणी मोफत होते.

काळजी घ्यायची ती अशी: कापूर आणि डांबरगोळ्या वासाच्या खेळातही ठेवू नयेत, पोटात गेल्या तर विषारी आहेत. राजमा, चिंचोके नाकात घालायची या वयाला भारी हौस, म्हणून डब्यांची झाकणं चिकटपट्टीने पक्की करावीत. अख्खे शेंगदाणे चवीला देऊ नयेत, घशात अडकतात, आणि कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे आदल्या दिवशीच घरी विचारून घ्यावं.