अंतराळ वसाहतीचे विलगीकरण

चंद्रावर, मंगळावर किंवा अवकाशात फिरणाऱ्या कृत्रिम अधिवासात कायम राहणाऱ्या मानवसमूहाचा पृथ्वीशी असलेला संपर्क हेतुपुरस्सर तोडणे अथवा अगदी मर्यादित ठेवणे, यास अंतराळ वसाहतीचे विलगीकरण म्हणतात. हा संपर्क तीन प्रकारचा असतो : माणसांची ये-जा (व त्यांच्याबरोबर येणारे जंतू), मालाचा पुरवठा आणि संदेशांची देवाणघेवाण. तिन्ही एकाच वेळी तोडले पाहिजेत असे नाही. अशी वसाहत अद्याप उभी राहिलेली नाही. त्यामुळे या विषयाचा अभ्यास दूरच्या बेटांवरील साथी, अंटार्क्टिकातील तळ आणि बंदिस्त अधिवासांचे प्रयोग यांच्या आधारेच करावा लागतो.

संकल्पनेचा उगम : काही लेखक उगमाचे श्रेय ब्रिटिश वैज्ञानिक जे. डी. बर्नाल यांना देतात. सुमारे १६ किमी. व्यासाच्या पोकळ गोलात वीस ते तीस हजार लोक राहतील, अशी कल्पना त्यांनी १९२९ मध्ये मांडली. पुढे मानवजातीच्या दोन शाखा होतील आणि अवकाशात गेलेली शाखा पृथ्वीला, तेथील रहिवाशांना कळूही न देता, प्राणिसंग्रहालयासारखी सांभाळील, असेही त्यांनी सुचविले. मात्र यात वेगळी ठेवली जाते ती पृथ्वी, वसाहत नव्हे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांच्या १९७५ मधील मांडणीत तर वसाहत पृथ्वीला सौरऊर्जा पुरविते, म्हणजे तिचा पायाच देवघेवीचा आहे. त्यापेक्षा स्पुटनिकच्या उड्डाणानंतर, साधारणतः १९५७-५८ च्या सुमारास, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी ग्रहांमधील जंतुसंसर्गाविषयी दिलेल्या इशाऱ्यात या कल्पनेचे मूळ शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन्ही बाजू परस्परांना अपाय करू शकतात, हा विलगीकरणाचा गाभा तेथे स्पष्ट दिसतो. १९५८ मध्ये स्थापन झालेली ‘कॉस्पार’ ही आंतरराष्ट्रीय समिती ग्रहसंरक्षणाचे (एका ग्रहावरचे जंतू दुसऱ्यावर जाऊ नयेत यासाठीचे) नियम ठरविते, ते याच विचारपरंपरेतून आले आहेत.

या नियमांची पहिली मोठी कसोटी १९६९ मध्ये अपोलो-११ च्या वेळी लागली. चंद्रावरून परतलेल्या तिघांना चंद्र सोडल्यापासून २१ दिवस अलग ठेवण्यात आले. पण यान समुद्रात उतरल्यावर संरक्षक पोशाख आत देण्यासाठी त्याचे दार उघडावेच लागले, आणि आतली हवा बाहेर गेली. चंद्रावर जंतू नव्हते, म्हणून निभावले. अपोलो-१४ नंतर ही पद्धत बंद झाली.

रोगप्रतिकारक्षमतेचा प्रश्न : विलगीकरण जितके यशस्वी, तितका ते मोडण्याचा क्षण घातक. याचे सर्वांत बोलके उदाहरण उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवरील १८४६ च्या गोवराचे आहे. कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर हा रोग बेटांवर पोहोचला. त्याआधीची साथ १७८१ मधील, म्हणजे मध्ये ६५ वर्षे गेली होती. सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी ६,००० हून अधिक लोक काही महिन्यांत आजारी पडले. डॅनिश वैद्य पीटर पानुम यांनी घरोघर चौकशी केली, तेव्हा १७८१ मध्ये गोवर येऊन गेलेले म्हातारे तेवढे सुटल्याचे त्यांच्या ध्यानात आले.

गोवराचा विषाणू साधारण अडीच ते पाच लाखांपेक्षा लहान वस्तीत स्वतःहून टिकत नाही, असे मानले जाते. याचा अर्थ असा की, काही हजारांच्या वसाहतीतून तो नाहीसा होईल आणि लस दिली नाही, तर तेथे जन्मलेली पिढी त्याला पूर्णपणे उघडी राहील. कांजिण्यांचे तसे नाही. त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन बाहेर पडतो. आजोबांच्या नागिणीतून नातवाला कांजिण्या होऊ शकतात. अंतराळवीरांच्या लाळेत हा विषाणू उड्डाणाच्या काळात पुन्हा आढळला आहे. दार कितीही घट्ट लावले, तरी काही रोग आतच असतात. अंटार्क्टिकातील एका तळावर १७ आठवडे बाहेरचा कोणीही आलेला नसताना १२ पैकी ६ जणांना सर्दी झाली, असा वृत्तांत १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले नाही.

किमान लोकसंख्या : बाहेरून माणसे येणार नसतील, तर जवळच्या नात्यांत संतती होऊन आनुवंशिक दोष वाढू नयेत यासाठी वसाहत किती जणांची हवी, यावर आकडे फार वेगवेगळे आहेत. हे अंदाज बहुतांशी आंतरतारकीय प्रवासासाठी काढलेले आहेत, पण तर्क तोच लागू पडतो. जॉन मूर यांनी २००२ मध्ये सुमारे १६० हा आकडा दिला. कॅमेरॉन स्मिथ यांनी २०१४ मध्ये किमान १४,००० आणि शक्यतो ४०,००० च्या पुढे असा अंदाज केला. फ्रेदेरिक मारँ व कामिय बेलुफी यांनी २०१८ मध्ये संगणकीय सादृश्यीकरणातून ९८ जणही पुरतील असे दाखविले, पण त्यात कोणी कोणाशी अपत्ये जन्माला घालावीत यावर कडक नियंत्रण गृहीत आहे. ज्याँ-मार्क सालोत्ती यांचा मंगळासाठीचा ११० हा आकडा (२०२०) आनुवंशिकीचा नसून श्रमाच्या तासांचा, म्हणजे जगण्यासाठी लागणारी कामे उरकायला किती माणसे हवीत याचा, आहे. तो इतरांच्या रांगेत बसविणे बरोबर नाही. एखादी साथ किंवा अपघात निम्मी वस्ती घेऊन जाऊ शकतो, हे स्मिथ हिशेबात धरतात. बाहेरून मदत येणारच नाही अशा वसाहतीसाठी त्यांचा सावध अंदाज अधिक ग्राह्य ठरतो.

बंदिस्त अधिवासांचा अनुभव : ॲरिझोनातील ‘बायोस्फिअर २’ मध्ये २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ जणांना दोन वर्षांसाठी बंद करण्यात आले. पहिल्याच काही आठवड्यांत एकीचे बोट यंत्रात सापडले आणि शस्त्रक्रियेसाठी काही तास बाहेर जावे लागले. हवेतील प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून सुमारे १४.५ टक्क्यांपर्यंत उतरला. मातीतील सूक्ष्मजीव तो वापरत होते. त्यातून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड मात्र हवेत अपेक्षेएवढा दिसत नव्हता. तो काँक्रीटच्या भिंतींत शोषला जात होता. अखेर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. मंगळावर अशी नळी जोडायला कोणी नसते.

संदेशांचा विच्छेद : चंद्रापर्यंत संदेश पोहोचण्यास सुमारे १.३ सेकंद लागतात, मंगळापर्यंत अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे. मॉस्कोतील ‘मार्स-५००’ या मंगळप्रवासाची नक्कल करणाऱ्या प्रयोगात (२०१०-११) सहा जण ५२० दिवस बंद राहिले, तेव्हा हा विलंब कृत्रिमरीत्या निर्माण केला होता. दर सुमारे २६ महिन्यांनी सूर्य मध्ये आल्याने मंगळावरील यानांना आज्ञा पाठविणे साधारण दोन आठवडे थांबवितात. संदेश तोडणे हा विलगीकरणाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी समर्थनीय प्रकार होय. जानेवारी २०२० मध्ये कोरोना विषाणूचा जनुकीय क्रम प्रसिद्ध होताच, विषाणूचा नमुना हाती येण्याची वाट न पाहता, केवळ त्या अक्षरांवरून लशींचा आराखडा तयार करता आला. माणूस न पाठविता वसाहतीतील मुलांना पृथ्वीवरच्या नव्या रोगापासून वाचविण्याचा मार्ग हाच आहे आणि तो संदेशांतूनच जातो.

कायदेशीर बाजू : १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या बाराव्या कलमानुसार चंद्रावरील व इतर खस्थ पिंडांवरील (ग्रह, उपग्रह इत्यादींवरील) स्थानके अन्य सदस्य राष्ट्रांच्या प्रतिनिधींना परस्पर तत्त्वावर, आगाऊ सूचना दिल्यावर, खुली ठेवावी लागतात. संपूर्ण विलगीकरणाला हा थेट अडसर आहे. मोकळ्या अवकाशात फिरणाऱ्या अधिवासांना मात्र हे कलम लागू होत नाही. त्यांच्यावर आठव्या कलमाप्रमाणे नोंदणी करणाऱ्या राष्ट्राचा अधिकार चालतो.