एचआयव्ही कुणाला लवकर गाठतो, कुणाला उशिरा

एचआयव्हीची लागण झाल्यावर औषध घेतलं नाही तर एड्सपर्यंतची वाट सरासरी दहाएक वर्षांची. पण ही सरासरी फसवी आहे. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात ५०० ते १५०० सीडी४ पेशी, म्हणजे विषाणू ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी, असतात. काहींच्या दोन-तीन वर्षांतच २००च्या खाली, म्हणजे एड्सच्या टप्प्यावर जातात, तर शंभरात एकाहूनही कमी जणांचं शरीर औषधाविना विषाणू दाबून धरतं. वय, क्षयासारखा जोडीचा आजार, खुद्द विषाणूचा वाण, या सगळ्यांचा त्यात हात असतो. जनुकांचाही असतो. युरोपीय वंशाच्या रुग्णांत विषाणूच्या प्रमाणातल्या फरकाचा सुमारे पाव हिस्सा जनुकांच्या खात्यावर जातो. म्हणजे पाऊण हिस्सा बाकीच्या कारणांचा.

सगळ्यात गाजलेलं जनुक सीसीआर५. विषाणू आधी पेशीवरच्या सीडी४ या प्रथिनाला चिकटतो, मग सीसीआर५ या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. या जनुकातली ३२ अक्षरं गळाली की प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. आई आणि वडील दोघांकडून असं तुटकं जनुक आलं तर लागण सहसा होत नाही. एकाकडूनच आलं तर लागण होते, फक्त आजार दोन-चार वर्षं मागे पडतो. हे १९९६मध्ये समजलं. उत्तर युरोपात शंभरात साधारण एकाकडे ही जोडी असते, भारतात मात्र हा बदल अगदी विरळा. तेव्हा वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांनी त्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय काही विषाणू सीएक्ससीआर४ नावाचं दुसरं प्रथिन वापरतात. वडोदऱ्यात लहरीपुरा दरवाजा बंद असला तर पाणीगेटकडून मांडवी गाठता येतेच की!

खरी गंमत सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-बी जनुकात आहे. त्यातून तयार होणारं प्रथिन विषाणूचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडतं. ते पाहून मारेकरी टी-पेशी ती पेशी संपवतात. कुठला तुकडा मांडला जातो, यावर पुढचं सगळं. बी५७ आणि बी२७ हे प्रकार विषाणूच्या आतल्या कवचाचे तुकडे मांडतात. तिथे बदल करून विषाणू निसटतो खरा, पण कवच बिघडल्यामुळे त्याची वाढ मंदावते. बी३५च्या काही उपप्रकारांत उलटं होतं, आजार वेगाने पुढे सरकतो. आई-वडिलांकडून एकच प्रकार आला तर मांडायचे तुकडे कमी, म्हणून तिथेही वेग वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल असलेल्या घरांत अशी जोडी जमण्याची शक्यता जास्त.

‘माझ्या भावाला दहा वर्षं काही झालं नाही, मलाही होणार नाही’ हा हिशेब म्हणून चुकतो. सख्ख्या भावंडांचा एचएलए जनुकांचा संच तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक.

वेग आधी कळावा म्हणून जनुक चाचणीवर पैसे घालवू नयेत. निकाल काहीही आला तरी सल्ला तोच, निदान होताच औषध. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रावर, प्रौढांना बहुधा टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिव्युडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ अशी तिन्ही औषधं एकाच गोळीत रोज एकदा मिळतात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी तपासतात.

जनुक चाचणी खरोखर कामाची ठरते ती अबॅकाविर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या आधी. लहान मुलांना, किंवा मूत्रपिंडामुळे टेनोफोविर न चालणाऱ्यांना हे औषध देतात. विषाणूला रोखणाऱ्या बी५७चाच ५७:०१ हा उपप्रकार इथे उलटतो. पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, मळमळ, खोकला अशी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. चाचणी होकारार्थी आली तर अबॅकाविर देतच नाहीत. चाचणी न करता सुरू केलं आणि ही लक्षणं दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. प्रतिक्रियेमुळे औषध थांबवलं असेल, तर बरं वाटल्यावर उरलेली गोळी पुन्हा घेऊ नये. दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया काही तासांत येते आणि जिवावर बेतू शकते.