वेळेआधी गेलेला दुधाचा दात : या प्रश्नाची पार्श्वभूमी

दुधाचे दात २०. पहिला दात बहुधा सहाव्या ते दहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन जातात. पडायला सुरुवात सहाव्या-सातव्या वर्षी खालच्या पटाशीच्या दातांपासून होते. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे एकेका दाढेच्या वाट्याला आठ-नऊ वर्षांचं काम येतं, आणि ती वर्षं मुलाच्या वाढीची असतात. तरीही ‘पडणारच आहेत ते, कशाला एवढं करायचं?’ हा प्रश्न आजही दवाखान्यात रोज कानावर येतो. त्यामागे बराच जुना इतिहास आहे.

कित्येक शतकं दुधाच्या दाताकडे दुखण्याचं मूळ म्हणून पाहिलं गेलं. मूल सहा महिन्यांचं होतं तेव्हा आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरू लागतं, वरचं अन्न सुरू होतं, ताप-जुलाब वाढतात. दात येण्याची वेळही हीच असते, त्यामुळे सगळा दोष दातांवर गेला. सोळाव्या शतकातले फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआझ पारे यांनी दाताला वाट मिळावी म्हणून हिरडी कापण्याचा सल्ला दिला, आणि ही पद्धत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. इंग्लंड आणि वेल्सच्या मृत्यूनोंदींत १८३९ साली ५,०००हून अधिक मृत्यूंसमोर ‘दात येणे’ हे कारण लिहिलेलं आहे. आज आपल्याला माहीत आहे की दात येताना लाळ गळते, हिरडी शिवशिवते, मूल चिडचिड करतं. पण चढा ताप किंवा जुलाब दातांमुळे होत नाहीत. त्यांचं कारण वेगळं शोधावं लागतं.

या समजुतीतून निघालेला सर्वांत घातक उपाय म्हणजे दात येण्यासाठी देण्याची पावडर. तिच्यात कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक मुलांमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला : हातपाय गुलाबी पडून सोलवटणं, भरपूर घाम, उजेड सहन न होणं, झोप उडणं आणि चांगले दात हलून गळून पडणं. योसेफ वारकानी आणि डोनाल्ड हबर्ड यांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला. त्यांचा निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये या पावडरींतून पारा काढला गेल्यावर आजार जवळजवळ नाहीसा झाला. दात सुखाने यावेत म्हणून दिलेल्या औषधानेच ते अकाली जात होते, हे लिहितानाही अस्वस्थ व्हायला होतं.

दुसरी दृष्टी दात सरळ करण्याच्या शास्त्रातून आली. दुधाच्या दाढा आणि सुळा यांची एकत्र रुंदी त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांपेक्षा जास्त असते. हे मोजमाप हेज नान्स यांनी १९४७ मध्ये मांडलं : खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिमी, वरच्या जबड्यात ०.९ मिमी. ही शिल्लक वेळेपर्यंत जपली तर नंतर येणारे दात मावतात. दाढ लवकर गेली तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते, कलते आणि ही शिल्लक खाऊन टाकते. सर्वाधिक नुकसान होतं ते दुसरी दुधाची दाढ सहा वर्षांच्या दाढेच्या आधीच गेली तर. कारण त्या नव्या दाढेला टेकायला भिंतच उरत नाही. सरकणं बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत होऊन जातं. ‘पुढच्या सुट्टीत दाखवू’ म्हणणाऱ्या पालकांना हे सांगावंच लागतं.

म्हणून जागा राखणारं साधन वापरात आलं : शेजारच्या दाढेवर बसवलेली धातूची पट्टी आणि रिकाम्या जागेवरून पुढच्या दातापर्यंत गेलेला तारेचा फास. बसवण्याआधी एक्स-रे हवाच. गेलेल्या दाताखालच्या कायमच्या दाताचं मूळ अर्ध्याहून अधिक तयार असेल आणि वर हाडाचा थर उरला नसेल, तर दात लवकरच वर येईल आणि साधनाची गरज नसते. मूळ तयार नसेल तर उलट घडतं : जखमेवर हाड आणि जाड हिरडी तयार होते आणि कायमचा दात उशिरा येतो. साधन बसवल्यावरही काम संपत नाही. पट्टीखालचं सिमेंट सुटतं, तिथे अन्न अडकून कीड लागते. फास हिरडीत रुततो. किंवा खालून दात येत असताना साधन तसंच राहून त्याची वाट अडवतं. दर सहा महिन्यांनी तपासणी नसेल तर ते न बसवलेलं बरं. पुढच्या पटाशीच्या दातांना याची गरज क्वचितच असते. सुळे आलेले असतील तर तिथली जागा सहसा टिकते. बोलण्यातले दोषही बहुतेक मुलांत कायमचे दात आल्यावर निघून जातात.

दात अकाली जाण्याचं सर्वांत मोठं कारण कीड. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते दात विरघळवतं, हे बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९०च्या सुमारास मांडलं. लहान मुलांमधली किडीची विशिष्ट ठेवण मात्र १९६२ मध्ये इलायस फास यांनी बाटलीशी जोडून वर्णन केली. बाटली तोंडात ठेवून मूल झोपतं, झोपेत लाळ कमी होते, गोड द्रव वरच्या पुढच्या चार दातांभोवती साचून राहतो. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असल्याने वाचतात. आधी हिरडीच्या कडेला खडूसारखी पांढरी रेघ दिसते, मग ती तपकिरी होते, मग दात तुटतो. पांढरी रेघ असतानाच थांबवता येतं : रात्रीची बाटली बंद करणं आणि १,००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. ब्रश मोठ्यांनी करून द्यायचा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला तेवढी सफाई येत नाही.

किडलेली दाढ काढण्याऐवजी वाचवण्याची साधनं हळूहळू जमत गेली. स्टीलची तयार कॅप १९५० मध्ये विल्यम हम्फ्री यांनी मुलांसाठी रुजवली. नसेचा वरचा भाग काढून उरलेली नस जिवंत ठेवण्यासाठी दीर्घकाळ फॉर्मोक्रेसॉल हे औषध वापरलं जाई; त्यातल्या फॉर्माल्डिहाइडबद्दलची चिंता वाढत गेली आणि १९९३ मध्ये पुढे आलेल्या एमटीए या सिमेंटने त्याची जागा घ्यायला सुरुवात केली. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांनी तर ड्रिल आणि सुई न वापरता, कीड आत बंद करून वर कॅप बसवण्याची रीत दाखवली. नस सुजलेली नसेल तरच ती चालते. जपानमध्ये १९७०पासून वापरात असलेलं ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड कीड थांबवतं, पण किडलेला भाग काळा पडतो, आणि हे आधी सांगितलं नाही तर पालक साहजिकच दुखावतात.

या साऱ्या काळात दुधाच्या दाताचं मोल नंतर येणाऱ्या दातावरून ठरत होतं. जागा राखतो म्हणून तो महत्त्वाचा. दुखणाऱ्या मुलाकडे लक्ष फार उशिरा गेलं. १९९०च्या दशकात दातांत तीव्र कीड असलेल्या मुलांची वजनं तपासली गेली. काही अभ्यासांत ती कमी आढळली आणि उपचारांनंतर वाढ सुधारली. नंतरच्या अभ्यासांत चित्र इतकं सरळ राहिलं नाही : जास्त वजनाच्या मुलांतही कीड भरपूर दिसते, कारण साखर दोन्हींकडे नेते. झोपेबद्दल मात्र शंका नाही. दुखणाऱ्या दातामुळे मूल रात्री उठतं, एका बाजूने चावतं, कडक पदार्थ टाळतं. तीन वर्षांचं मूल ‘दात दुखतो’ असं सांगत नाही. ते जेवायला वेळ लावतं किंवा मारामारी करतं. २००७ मध्ये यासाठी १३ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली : ९ प्रश्न मुलाच्या खाण्या-झोपण्या-हसण्याबद्दल, ४ कुटुंबाच्या ताणाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार दुधाच्या दातांना कीड लागलेली मुलं सुमारे ५१ कोटी ४० लाख आहेत.

दात मार लागूनही जातो. पडलेला दुधाचा दात पुन्हा खोचायचा नाही. खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते. दात आत घुसला असेल तर एक्स-रे काढून अंकुराची स्थिती पाहायची आणि पालकांना आधीच सांगायचं की कायमचा दात डागाळलेला येऊ शकतो.

आणि एक प्रकार असा, जिथे कीडही नाही, मारही नाही. पाच वर्षांच्या आत, बहुधा खालचा पुढचा दात, अखंड लांब मुळासकट, फारसं रक्त न येता निघतो. नेहमीच्या पडण्यात मूळ झिजलेलं असतं, म्हणून हा फरक डोळ्यांनाही कळतो. जॉन रॅथबन यांनी १९४८ मध्ये नाव दिलेला हायपोफॉस्फॅटेशिया हा हाडांचा आनुवंशिक आजार असाच प्रथम समोर येतो : दाताला हाडाशी धरणारा थर नीट तयारच होत नाही. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फॅटेज हे एन्झाइम कमी असतं, पण इथे चूक हमखास होते. मुलांमध्ये त्याची सामान्य पातळी मोठ्यांपेक्षा बरीच जास्त असते. अहवालात मोठ्यांची मर्यादा छापलेली असेल तर कमी आकडाही ‘नॉर्मल’ दिसतो. २०१५पासून गंभीर रुग्णांसाठी एन्झाइमचं इंजेक्शन उपलब्ध आहे, म्हणून निदान लवकर होण्याला अर्थ आहे. पांढऱ्या पेशींचे काही विकारही असेच दात सैल करतात. तिथे हिरड्या लाल आणि सुजलेल्या असतात. पाच वर्षांच्या आत दात असा निघाला तर तो फेकू नये. कोरड्या डबीत ठेवून, पडल्याची तारीख लिहून, मुलासोबत तो दंतवैद्याकडे न्यावा आणि वयानुसार मर्यादा दाखवणारी रक्ततपासणी मागावी.