जग बुडवा, पण नीट बुडवा

जगबुडीच्या कादंबऱ्या मला मनापासून आवडतात. झोंबी किंवा परग्रहवासी असलेल्या नव्हेत. साथ येते, वीज जाते, दुकानं रिकामी होतात आणि माणसं आपापल्या वकुबाप्रमाणे वागू लागतात, त्या जातीच्या. २८ एप्रिल २०२५ ला भरदुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, तेव्हा काळजीच्या आधी मला अशीच काही पानं आठवली. थोडी लाज वाटली, पण खोटं कशाला सांगू?

या कादंबऱ्यांत समाज ढासळतो तो पटेल असा. घोळ होतो नंतर. वर्षभरानं नायक बंद वीजकेंद्रात शिरतो, एक खटका वर करतो आणि शहर उजळतं. तिथे मी पुस्तक मिटतो.

ग्रिडमध्ये, म्हणजे वीजकेंद्रं आणि घरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, वीज जवळपास साठलेलीच नसते. ज्या क्षणी वापर, त्याच क्षणी निर्मिती. हा ताळा बसतोय की नाही ते फ्रिक्वेन्सी (वीजप्रवाह सेकंदाला किती वेळा मागेपुढे होतो तो आकडा) सांगते: बहुतेक देशांत ५० हर्ट्झ, उत्तर अमेरिकेत ६०. मोठं केंद्र अचानक बंद पडलं की तूट भरून निघते ती बाकीच्या जनित्रांच्या अवजड रोटरांच्या (फिरत्या भागांच्या) फिरण्यातून, म्हणून ते मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी घसरते. मग रिले, म्हणजे बिघाड ओळखणारी उपकरणं, आपोआप काही भागांची वीज तोडतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर यंत्रं वाचवण्यासाठी केंद्रं स्वतःच ग्रिडपासून सुटी होतात आणि उरलेल्यांवर आणखी भार येतो. १३ मार्च १९८९ ला सौरवादळामुळे कॅनडातल्या क्वेबेकचं ग्रिड असंच सुमारे दीड मिनिटात कोसळलं. साठ लाख लोक जवळपास नऊ तास विजेविना होते.

खरी मजा पुढे आहे. कोळशाच्या केंद्राला सुरू व्हायलाच वीज लागते: कोळसा दळायला, पंखे फिरवायला, बॉयलरला पाणी पुरवायला. म्हणून सुरुवात करायची जलविद्युत केंद्रापासून. तिथे छोटं डिझेल जनित्र पाण्याची दारं उघडण्यापुरतं पुरतं, बाकीचं काम पाणी करतं. याला म्हणतात ब्लॅक स्टार्ट. आता ही वीज दूरच्या केंद्राकडे न्यायची. पण भार नसलेली लांब वाहिनी कपॅसिटरसारखी (विद्युतभार साठवणाऱ्या घटकासारखी) वागते आणि पलीकडच्या टोकाला व्होल्टेज उलट वाढतं (फेरांटी परिणाम). म्हणून वाटेत थोडा भार जोडायचा. तोही जपून, कारण बराच वेळ बंद असलेले सगळे फ्रिज एकदम सुरू होतात, नेहमीपेक्षा जास्त वीज ओढतात आणि फ्रिक्वेन्सी पुन्हा कोसळते. अशी छोटी छोटी बेटं उभी करायची आणि मग जोडायची. जोडताना दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज आणि कला (फेज, म्हणजे प्रवाहाच्या लाटांचा चढउतार एकाच वेळी होणं) जुळायलाच हवी, नाहीतर जनित्राच्या दांड्याला जबर पीळ बसतो.

स्पेनला फ्रान्स आणि मोरोक्कोकडून आधार मिळाला, शिवाय स्वतःची जलविद्युत केंद्रं होती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बहुतेक ठिकाणी वीज आली. कादंबरीत शेजारीही बुडालेला असतो, ही खरी अडचण.

२०१२ साली मायन कॅलेंडरवरून २१ डिसेंबरला जग संपणार म्हणून काय गदारोळ झाला! त्याच वर्षी ३० आणि ३१ जुलैला भारताचं ग्रिड लागोपाठ दोनदा कोसळलं. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोकांच्या भागात वीज नव्हती. एकाही भविष्यवेत्त्याला त्याचा सुगावा नव्हता.

असल्या गोष्टी वाचणारे मनानं कणखर होतात का? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१० लोकांच्या पाहणीत जगबुडीच्या चित्रपटांचे चाहते कोविडच्या काळात जास्त तयारीत आढळले. पण आवडीमुळे तयारी आली, की तयारीत राहणाऱ्यांनाच अशी आवड असते, हे त्यातून ठरत नाही. मी मात्र घरात एक मेणबत्तीसुद्धा ठेवत नाही.

मला हवी असलेली कादंबरी वेगळी आहे. उपकेंद्रातले ब्रेकर (वाहिन्या जोडणारे-तोडणारे मोठे खटके) आणि रिले बॅटरीवर चालतात आणि ती काही तासच टिकते. ती उतरली की धरण भरलेलं असूनही ब्रेकर हलवणार कसा? अंधारात एक अभियंता त्या बॅटरीच्या मीटरकडे बघत उभा आहे, आणि धरणावरून अजून फोन आलेला नाही. पहिलं प्रकरण इथून सुरू व्हावं.