ढेकूण बाजेतला की कापसातला?

भाव चढेल म्हणून कापूस घरातच गंजी लावून ठेवला, की हिवाळ्यात आमच्याकडे हटकून ओरड होते, "बापा, घरात ढेकूण झाले!" ओरडणारा तसा चुकत नाही. कापसावरच्या किडींनाही आपण ढेकूणच म्हणतो, एक लाल आणि एक करडा. लाल ढेकूण मोठा, त्याला कोणी बाजेतला समजत नाही. सारा घोळ करड्याचा.

कारण दोघेही ४-५ मिलिमीटरचे, चिरडले की दोघांचाही घाण वास. त्यात करड्याच्या पिल्लाचं पोट लालसर, म्हणजे रक्त पिऊन आल्यासारखं. प्रत्यक्षात तो सरकीतला रस शोषतो.

एखादा काचेच्या ग्लासाखाली धरून पाहा. करडा लांबुडका, तोंडाकडे निमुळता, पाठीवर काचेसारखे पांढुरके पंख. बाजेतला तांबूस, मसुराच्या डाळीसारखा चपटा. त्याला उडताच येत नाही. पिल्लांना मात्र दोन्हीकडे पंख नसतात, तेव्हा किडा सोडा आणि बाज पाहा.

करडा दिवसाढवळ्या गंजीजवळ, भिंतीवर फिरतो. बाजेतला रात्री निघतो आणि दिवसा पाय नि दांडे जुळतात त्या सांधीत, दोरीच्या गाठीत, गादीच्या शिवणीत दडतो. तिथे बॅटरी मारा. शाई फुटल्यासारखे काळे ठिपके दिसतील, ती त्याची विष्ठा. ओल्या फडक्याने पुसली की तांबूस-काळी रेघ उमटते. सोबत पिवळट टरफलं असतात, कारण पिल्लू मोठं होईतो ५ वेळा कात टाकतं. चादरीवर रक्ताचे बारीक डाग असतात ते वेगळेच. अंगावरच्या गांध्यांवर मात्र फार विसंबू नका. काहींना चावल्याचं कळतही नाही, आणि खाज कापसाच्या धुळीनेही सुटते.

बाजेतला असेल तर सांधीत उकळतं पाणी ओता, कपडे-चादरी गरम पाण्यातून काढा, आठवड्याने पुन्हा तेच. उपाशीपोटी तो महिनोन्‌महिने तग धरतो. शेतातलं फवारणीचं औषध घरात मारू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात त्या फवारणीने उघड्या शेतातही माणसं दगावली, इथे तर चार भिंती.

आमच्या मायनं एका वर्षी सगळ्या बाजा अंगणात काढून दोन बंब पाणी ओतलं. एक ढेकूण निघाला नाही, दोऱ्या तेवढ्या सैल झाल्या. पुढे कापसाची गाडी गेली आणि गंजीखालची जागा झाडली, तर सुपभर करडे ढेकूण निघाले.