बीएनपी: नाव मेंदूचं, काम हृदयाचं

बीएनपी हे हृदय रक्तात सोडतं ते संप्रेरक. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप कमी पडणं, ओळखायला रक्तात ते मोजतात. त्यातला ‘बी’ म्हणजे ब्रेन. १९८८ मध्ये जपानमधल्या सुदोह, कांगावा, मिनामिनो आणि मात्सुओ यांना हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून हे नाव. ते प्रामुख्याने हृदयाच्या निलयांत (खालच्या कप्प्यांत) तयार होतं हे लवकरच कळलं, पण तोवर नाव चिकटलं होतं.

मुळात हृदय संप्रेरक सोडतं ही कल्पनाच पचायला वेळ लागला. १९५६ मध्ये हेन्री आणि पिअर्स यांनी कुत्र्याच्या डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) फुगा फुगवला, तेव्हा लघवीचं प्रमाण वाढलं. हा मज्जातंतूंचा खेळ असावा, असं तेव्हा मानलं गेलं. १९६४ मध्ये जेमिसन आणि पलाडे यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सस्तन प्राण्यांच्या अलिंदपेशींतल्या कणिकांचं सविस्तर वर्णन केलं. दिसायला त्या थेट संप्रेरक स्रवणाऱ्या ग्रंथींतल्या कणिकांसारख्या. पंपात ग्रंथीचा माल कशाला?

याचं उत्तर कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये मिळालं. मूळचे अर्जेंटिनाचे अडॉल्फो डी बोल्ड यांना दिसलं होतं, की पाणी-मिठाचं प्रमाण बदललं की या कणिकांची संख्याही बदलते. त्यांनी उंदरांची अलिंदं वाटून अर्क काढला आणि दुसऱ्या, भूल दिलेल्या उंदरांच्या शिरेत टोचला. लघवीतून जाणारं सोडियम तीसपटीहून अधिक वाढलं, लघवी दहापट झाली, रक्तदाब उतरला. निलयांच्या अर्काने मात्र काहीच झालं नाही. हा निबंध १९८१ चा. १९८४ मध्ये कांगावा आणि मात्सुओ यांनी माणसातल्या अलिंदाच्या या संप्रेरकाची, म्हणजे एएनपीची, २८ अमिनो आम्लांची साखळी उलगडली.

निलयांचा अर्क निष्प्रभ का ठरला, यातच आजच्या तपासणीची एक मेख आहे. एएनपी अलिंदात भरून ठेवलेलं असतं. ताण आला की लगेच सुटतं. बीएनपीचा असा मोठा साठा निलयात नसतो. भिंत ताणली गेली की जनुक जागं होतं आणि माल नव्याने घडतो. त्यामुळे अचानक फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णाचं रक्त पहिल्या तासाभरात घेतलं, तर आकडा फसवा, कमी येऊ शकतो.

घडतो तो १०८ अमिनो आम्लांचा प्रोबीएनपी. त्याचे दोन तुकडे होतात: ३२ चा कामाचा बीएनपी आणि ७६ चा निष्क्रिय एनटी-प्रोबीएनपी. पहिल्याचं अर्धायुष्य सुमारे २० मिनिटं, दुसऱ्याचं तासा-दोन तासांचं. म्हणून दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. बीएनपीसाठी ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची प्लास्टिकची ट्यूब लागते. काचेत तो लवकर तुटतो. एनटी-प्रोबीएनपी त्या मानाने टिकाऊ.

२००२ मध्ये ‘ब्रीदिंग नॉट प्रॉपर्ली’ या अभ्यासात दम लागून तातडीच्या विभागात आलेले १,५८६ रुग्ण होते. बीएनपी १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर या रेषेवर हार्ट फेल्युअर ओळखण्याची संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती पकडले) ९० टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) ७६ टक्के आली. म्हणजे ही तपासणी निदान पक्कं करण्यापेक्षा ते बाद करण्यात जास्त भरवशाची. एनटी-प्रोबीएनपी याच एककात ३०० च्या खाली असेल तर तीव्र हार्ट फेल्युअर बहुधा नाही. निदानाच्या बाजूने झुकण्यासाठी मात्र वय पाहावं लागतं: पन्नाशीच्या आत ४५०, ५० ते ७५ वयात ९००, त्यापुढे १,८००. मूत्रपिंड निकामी असेल, एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदांची अनियमित थरथर) असेल, फुप्फुसात गुठळी अडकली असेल, तरी आकडा चढतो. लठ्ठपणात उलट: बीएमआय ३५ च्या वर असेल तर बीएनपीची १०० ची रेषा ५० च्या आसपास आणावी लागते. आकडा हृदयावरचा ताण सांगतो, ताणाचं कारण नाही.

मग हेच पेप्टाइड औषध म्हणून का देऊ नये? दिलं. कृत्रिम बीएनपी, म्हणजे नेसिरिटाइड, अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं. २०११ मधल्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मृत्यू किंवा पुन्हा भरती होणं कमी झालं नाही. रक्तदाब मात्र जास्त जणांचा घसरला. बाहेरून ओतण्यापेक्षा शरीरातलं पेप्टाइड तुटू न देणं फळाला आलं. ते तोडणाऱ्या नेप्रिलायसिन या विकराला सॅक्युबिट्रिल हे औषध अडवतं. ओमापॅट्रिलॅट या आधीच्या औषधाने एसीई (रक्तदाब वाढवणारं संप्रेरक घडवणारं विकर) आणि नेप्रिलायसिन दोन्ही रोखले, तेव्हा चेहरा-घसा सुजण्याचा धोका वाढला होता. म्हणून सॅक्युबिट्रिलची जोडी एसीईला न रोखणाऱ्या वलसार्टन या रक्तदाबाच्या औषधाशी जमवली, आणि एनालाप्रिलसारखं एसीई रोखणारं औषध बंद केल्यावर ३६ तास थांबूनच ही गोळी सुरू करतात. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ चाचणीत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचा धोका एनालाप्रिलपेक्षा २० टक्क्यांनी कमी आढळला.

ही गोळी चालू असताना बीएनपी वाढलेला दिसला तर दचकू नये: तो तुटत नाही म्हणून साठतो. एनटी-प्रोबीएनपीला नेप्रिलायसिन हात लावत नाही, त्यामुळे अशा रुग्णाच्या फेरतपासणीला तोच मागवावा.