नागपूरच्या जिममध्ये घाम सुकतोय का?

मे महिन्यात नागपुरात जिम चालवणं सोपं काम नाही. बाहेर पारा 44-45 वर, 2013 च्या मे मध्ये तर तो 47.9 पर्यंत गेला होता, आणि आत वीस-पंचवीस पोरं-पोरी ट्रेडमिलवर पळतायत नाहीतर स्क्वॉट मारतायत. मालक लोकांचा पहिला प्रश्न हमखास ठरलेला, भाऊ किती टनाचा एसी लावू? माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न हा की आत व्यायाम करणाऱ्या माणसाचा घाम सुकतोय का.

कारण स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातली जेमतेम 20-25 टक्के प्रत्यक्ष कामाला येते, बाकी सगळी उष्णता होऊन अंगातच राहते. निवांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो आणि जोरात कार्डिओ करणारा 500 वॅटच्या वर सहज जातो. थंडीत ही उष्णता हवेत निघून जाते, काही वाटत नाही. पण कातडीचं तापमान असतं 33 ते 35 अंश, आणि हवा त्यापेक्षा गरम झाली की हवाच उलट अंग तापवायला लागते, मग शरीराकडे एकच रस्ता उरतो तो म्हणजे घाम. 1 लिटर घाम अंगावर पूर्ण सुकला तर जवळपास 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे तासाभरात तेवढा सुकला तर 670 वॅटच्या आसपास, व्यायामाची उष्णता काढायला पुरेसं. पण सुकला तरच. मॅटवर टपटप गळलेल्या घामातून पाणी आणि मीठ जातं, गारवा काहीच मिळत नाही. म्हणून "आज काय मस्त घाम गाळला" यात खूश होण्यासारखं फार काही नसतं.

आता नागपूरची गंमत अशी की इथं उन्हाळे दोन आहेत. एक मे मधला, नवतपाचा म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांचा, कोरडा ठणठणीत, दुपारी हवेत ओलावा 15 टक्के वगैरे. दुसरा पाऊस सुरू झाल्यानंतरचा, जून-जुलैचा, पारा 32-33 वरच पण चिकचिक अशी की शर्ट अंगाला चिकटून बसतो. या दोन दिवसांना एकच उपाय चालत नाही आणि बऱ्याच जिममध्ये इथंच सगळं चुकतं.

मे मध्ये आपला डेझर्ट कूलर हे खरोखर भारी यंत्र आहे, त्याला कमी लेखू नका. तत्त्व माठाचंच, पाणी सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओल्या फडक्यानं गुंडाळलेला थर्मामीटर 23 च्या आसपास दाखवतो, म्हणजे कूलर जास्तीत जास्त तिथपर्यंत हवा खाली आणू शकतो. चांगल्या जाळीचा कूलर त्या फरकातला 80 टक्के तरी गाठतो, म्हणजे आत येणारी हवा 27-28 अंशाची. विजेचा खर्च एसीच्या मानानं किरकोळ.

पण एक अट आहे, आणि ती फार कमी लोक पाळतात. कूलरची हवा जेवढी आत येते तेवढी बाहेर जायला पाहिजे. समोरच्या भिंतीची खिडकी उघडी ठेवा नाहीतर एक्झॉस्ट लावा. खिडक्या बंद करून कूलर लावलेली जिम मी जवळून बघितलीय, अर्ध्या तासात आरशाच्या खालच्या कडेला धुरकट ओल येते, डंबेलची पकड निसरडी होते आणि सगळे म्हणतात कूलर गार देत नाही. कूलर त्याचं काम करतच असतो, पण तीच ओली हवा तो परत परत ओढतो आणि मग घाम सुकायला जागाच उरत नाही. बाजूची जाळीही काढून बघा, आपल्याकडच्या जड पाण्यानं गवतावर पांढरा कडक थर बसतो, त्यातून हवा जाईलच कशी? टाकीही आठवड्याला रिकामी करून घासायची, डेंग्यूचे डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतात.

जुलैत मात्र कूलरचा पंप बंदच करा. 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर कूलर हवा फार तर 29-30 पर्यंत आणणार आणि वर ओलावा वाढवणार, म्हणजे घामाचा रस्ता अजूनच बंद. तेव्हा पंखे आणि एक्झॉस्ट जोरात ठेवा, नाहीतर एसी लावा, कारण एसी हवेतलं पाणीही काढतो. एसी आणि पाण्याचा कूलर एकाच हॉलमध्ये एकत्र चालवणं तर पैसे वाया घालवणं आहे, एक ओलावा काढतो आणि दुसरा भरतो.

एसीचा हिशोबही माणसांवरून करा, नुसत्या स्क्वेअर फुटांवरून नको. 1 टन म्हणजे साधारण 3.5 किलोवॅट उष्णता काढण्याची ताकद. 20 जण प्रत्येकी 500 वॅट सोडत असतील तर 10 किलोवॅट, म्हणजे जवळजवळ 3 टन फक्त माणसांसाठी, ट्रेडमिलच्या मोटरी, दिवे आणि छप्पर वेगळं. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अमेरिकेतल्या ॲश्रे या संस्थेच्या मानकात ऑफिसातल्या माणसामागे सेकंदाला 2.5 लिटर ताजी हवा धरलीय आणि जिममधल्या माणसामागे 10 लिटर, म्हणजे चौपट, जागेच्या हिशोबानं लागणारी वेगळी. सगळं बंद करून एसी लावलेल्या जिममध्ये डोकं जड होतं, कुबट वास येतो, तो याच हवेचा.

छपराचं बोलायलाच पाहिजे, कारण आपल्याकडे कितीतरी जिम वरच्या मजल्यावर नाहीतर टिनाच्या शेडमध्ये असतात. टिन लगेच तापतं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता काही तासांनी आत सोडतो, म्हणजे नेमकी संध्याकाळच्या बॅचला, जेव्हा गर्दी सगळ्यात जास्त. सूर्य मावळल्यावर छताखाली हात वर करून बघा, झळ जाणवते. गच्चीवर चुन्याचा नाहीतर ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर फरक पडतो आणि खर्च एसीपेक्षा कितीतरी कमी.

आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयात मिळतं, ते भिंतीवर लावाच. आकडा 60 च्या वर गेला की हवा बाहेर काढायची सोय वाढवायची आणि ट्रेनरनं सेट्समधली विश्रांती वाढवायची. नवीन मेंबरला पहिले 10-14 दिवस हलकंच घ्यायला लावा, शरीर तेवढ्या वेळात सरावतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. आणि कोणी बरळायला लागलं, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात धरून चालायचं, घाम येत असला तरी. लगेच 108 ला फोन, कपडे सैल करायचे, अंगावर भरपूर गार पाणी ओतत पंखा लावायचा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ओतणं थांबवायचं नाही. माणूस पूर्ण शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.